यी मोनला कुणी आजी म्हणू नये म्हणून

मी, मौंग न्यो लिन, दॉ म्या यिन यांचा मुलगा, वय सव्वीस चालू, शिक्षण चौथी आणि नंतर विहारात चीवर घालून काढलेले दोन पावसाळे, धंदा बर्फाच्या लाद्या ओढणे, मूळ गाव पखोक्कूच्या वरच्या अंगाचं ठानबिनगोन, सध्या मुक्काम महाचाई, थायलंड, हा कागद स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दारू प्यालेलो नाही. अंगात ताप नाही. मानेवर कुणी सुरी धरलेली नाही. फक्त किळस आली आहे. किळस आलेल्या माणसाचं मृत्युपत्र चालतं का, असं मी नाई शोन यांना विचारलं. ते म्हणाले, "चालतं की. खूश माणूस कशाला लिहायला बसेल?"

नाई शोन मोन जमातीचे आहेत. पूर्वी ते मोलम्याइंगच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचे, आता आमच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्यांवर खुणा घालतात. कागदाची रीत त्यांचीच. आत्ता शेजारी बसून ते विडा चघळतायत आणि मी शिवी लिहिली की "खोड" म्हणतायत.

"शिवी कायद्यात बसत नाही, पोरा."

"मग माझे काका तरी कायद्यात कुठं बसतात?"

"काकांचं नाव लिही. वाचणाऱ्याला शिवी आपोआप सुचेल."

निम्मा कागद लिहून झाल्यावर त्यांनी हेही सांगितलं, की आम्हा बर्मी बौद्धांच्या मृत्युपत्राला आमच्या देशाच्या कायद्यात काडीची किंमत नाही. मेल्यावर वाटणी रिवाजाप्रमाणे होते, मेलेल्याच्या मनाप्रमाणे नाही. मी म्हटलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" म्हणाले, "तू इतका जोरात लिहीत होतास, मधे कसं बोलू?" तेव्हा हा कागद कोर्टासाठी नाही. हा गावासाठी आहे. मी गेल्याची बातमी पोचली तर सातव्या दिवशी भन्तेंना भोजन द्यावं, कारण भन्तेंना भूक लागते. ते मला पोचतं की नाही यावर एक अक्षर बोलू नये. भन्तेंचं जेवण झाल्यावर, आणि गावाची पंगत बसण्याच्या आधी, हा कागद मोठ्यानं वाचावा. भाताच्या भांड्याचं झाकण तोवर उघडायचं नाही. आमचं गाव धर्मासाठी उठून जाईल, भातासाठी बसून राहील.

कलम पहिलं. माझं शरीर.

परवा मी खोल पाण्यातल्या बोटीवर चढतोय. ताई म्हणते, "तुझा पाय कुठं टिकतच नाही." खरं आहे. कोळंबी सोलायच्या शेडमधून बर्फात आलो, बर्फातून बोटीवर चाललो. परत आलो तर हा कागद मीच फाडीन. नाही आलो तर समुद्रानं जे करायचं ते केलं असं समजा. प्रेत हाती लागलंच तर इथंच जाळा. गावाबाहेर मेलेल्याला गाव आत घेत नाही हे मला ठाऊक आहे, पण वेशीवरचा तमाशाही नको. हिरवी फांदी हातात धरून "न्यो लिन, चल रे, घरी चल" असं हाका मारत कुणी उभं राहू नये. मी जिवंत असताना कुणी मला घरी बोलावलं नाही. पैसे पाठव म्हणून बोलावणं यायचं, ते वेगळं.

आणि भाताच्या भांड्याच्या बुडाची काजळी माझ्या अंगाला लावायची नाही. बोटाला नाही, टाचेला नाही, कुठंच नाही. कोणत्याही बाईच्या तान्ह्याला उलटं-पालटं करून त्याच्या ढुंगणावर मला शोधायचं नाही. हे कलम वाचताना माझे काका ऊ बा शेन यांच्याकडं बघून वाचावं.

कलम दुसरं. हे आत्ताच का लिहिलं.

गेल्या आठवड्यात आमच्यातला को ला ट्वे बोट आणि धक्का यांच्या मधल्या फटीत पडला. आम्ही आकड्यांनी वर काढला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. अजून त्याच्या अंगातून पाणी निथळत होतं तेवढ्यात सुरू झालं. एक म्हणाला, जन्मभर मासे मारले, आता मासाच होणार. दुसरा म्हणाला, छे, शेवटच्या क्षणी "आई" असं ओरडला, मी ऐकलं, त्याअर्थी माणसाचा जन्म नक्की. तिसरा म्हणाला, ते ओरडणं मनातून होतं की नुसतं घशातून, हे बघावं लागेल. अर्धा तास! त्याची एक चप्पल धक्क्यावर आणि एक पाण्यावर तरंगत होती. तिकडं कुणी बघितलं नाही. त्याच्या बायकोला फोन कोण करणार हे कुणी विचारलं नाही. नॉ एह पॉ नावाची करेन जमातीची बाई कोळंबी सोलते, तिनं हात धुतले, चप्पल काढून आणली आणि त्याच्या पायाशी जोडून ठेवली. मला तिथंच ओकारी आली. रक्त बघून नाही. नऊ वर्षं मासळीत राहिलेल्या माणसाला रक्ताची ओकारी येत नाही.

माझ्यावरही हे असंच बोलणार, हे त्या वेळी कळलं. आणि गावात एका पोरीवर सात वर्षं असंच बोलतायत, तेच आवाज मला धक्क्यावर ऐकू आले.

कलम तिसरं. ती पोर.

यी मोन ही माझ्या थोरल्या बहिणीची, मा सान न्वेची, एकुलती मुलगी. तिचा बाप खाणीत रत्न शोधायला गेला तो तिकडचाच झाला. ताईला सहावा महिना होता तेव्हा आमची आई वारली. मी इथं होतो. बातमी मला सातवा दिवस उलटल्यावर मिळाली, एका गाववाल्याच्या तोंडून, तीही बोलण्याच्या ओघात.

आईच्या डाव्या घोट्याला काकांनी, म्हणजे ऊ बा शेन यांनी, काजळी लावली. पुढच्या जन्मी ओळखू यावी म्हणून. आमच्याकडं लावतात. त्याच हंगामात शेजारचे ऊ फो सेन ताडावरून पडून गेले. त्यांच्या बायकोनं, दॉ न्युन्ट यांनी, नवऱ्याच्या डाव्या पोटरीला काजळी लावली. यी मोन जन्मली ती डाव्या पायावर काळा डाग घेऊन. तो घोटा आणि पोटरी यांच्या बरोबर मधे. झालं!

आमच्या घरात ती आजी आणि कुंपणापलीकडं आजोबा. सकाळी काका तिला पाटावर बसवून पाया पडणार, "वहिनी, बरी आहेस ना?" दुपारी दॉ न्युन्ट तिला उचलून नेणार, "अहो, भात थंड होतोय, या." पोर वाढते तसा डाग वर सरकतो, की पाय खाली वाढतो, यावर दोन्ही घरांनी सुतळीनं मापं घेतली. पोरीचा पाय धरून ठेवून. ती रडली तर काका म्हणायचे, "बघा, वहिनीसारखीच रडते." दॉ न्युन्ट म्हणायच्या, "आमचे हे पण हळवेच होते."

मग परीक्षा झाली. वैशाखातलं ऊन, अंगणात चार सहाणा मांडल्या, गालाला लावायच्या थनाखाचं खोड उगाळायच्या. त्यांतली एक आईची. काकांनी आईच्या सहाणेवर आदल्याच घटकेला पाणी घातलेलं होतं, स्वच्छ करायला म्हणून. बाकीच्या तीन कोरड्या ठणठणीत. तीन वर्षांचं पोर उन्हात उभं. तिनं ओली गार सहाण उचलून गालाला लावली. काकांनी हंबरडा फोडला, "ओळखली! स्वतःची सहाण ओळखली!" गाव रडलं. आठवड्यानं दॉ न्युन्टनी ताडाच्या कोयत्याची परीक्षा घेतली. पोर कोयत्याकडं धावली. कोणतं पोर कोयत्याकडं धावत नाही? बोट कापलं. ते रक्तसुद्धा त्यांनी पुराव्यात धरलं.

आता चार गावांतली माणसं येतात. आपापली मेलेली माणसं कुठं गेली हे "बारक्या आजीला" विचारतात. काका मधे बसतात. पोर "हं" म्हणाली की काका त्याचं पाऊण घटका स्पष्टीकरण देतात. केळी, नारळ, साबण, सगळं येतं. मी पाठवलेल्या पैशांच्या मोटरसायकलवरून काका ते बाजारात नेतात.

शाळेच्या बाई नाव घालायला घरी आल्या. "बाळ, तुझं नाव काय?" यी मोननं आधी ताईकडं बघितलं, मग कुंपणाकडं, आणि विचारलं, "मी आत्ता कुणाच्या घरात आहे?"

बाई हसल्या. काका म्हणाले, "अहो, हिला शाळा कशाला? हिनं एक अख्खं आयुष्य बघितलंय."

ताईनं हे मला फोनवर सांगितलं. मी फोन भिंतीवर आपटला. काच अजून तडकलेली आहे. नंतर मी ताईवर ओरडलो, तर ती शांतपणे म्हणाली, "तुला काय जातंय तिकडं बसून? रोज त्यांची तोंडं बघायची मला आहेत. आणि न्यो, खरंच आई असली तर?"

हा "असली तर" म्हणजे आमच्या गावातली रोगराई.

कलम चौथं. ऊ टिन हान यांच्या विद्वत्तेबद्दल.

कुणाला वाटेल, गावात शहाणं माणूस नव्हतं काय? होतं ना. ऊ टिन हान अभिधम्माच्या परीक्षा पास झालेले आहेत, प्रमाणपत्रं काचेत लावलेली आहेत. त्यांनी विहारात उभं राहून सिद्ध केलं की ही पोर आजी असूच शकत नाही. प्रतिसंधी, म्हणजे नव्या जन्माशी जोड, होते ती गर्भ राहतानाच, आणि म्हातारी मेली तेव्हा गर्भ सहा महिन्यांचा होता. मला वाटलं, सुटली पोर! पण विद्वान तिथं थांबेल तर विद्वान कसला? कुणीतरी विचारलं, "मग म्हातारी गेली कुठं?" आणि याला उत्तर होतं! मरताना मनात जे असतं त्यावर पुढचा जन्म. मरताना आई शेवटचं काय बोलली? "ङापीच्या बरणीचं झाकण लाव." तेव्हा मन बरणीत. तेव्हा जन्म बरणीत. तेव्हा, ऊ टिन हान यांच्या मते, माझी आई ङापीत, म्हणजे आंबवलेल्या मासळीच्या खारात, किडा होऊन वळवळते आहे.

माझ्या आईनं बावन्न वर्षं दुसऱ्याच्या शेतात भुईमूग उपटला. मरताना तिला काळजी होती की माश्या बसतील आणि लेकीला ङापी फेकून द्यावी लागेल. तिच्या या शेवटच्या मायेतून या माणसानं अळी काढली.

आणि ताईनं ती बरणी ठेवली. सात वर्षं. झाकणावर दगड ठेवून, देव्हाऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात. फेकली तर आईला फेकल्याचं पाप, उघडली तर आई दिसेल ही भीती. घरात शिरलं की मस्तकात जातो तो वास, असं येणारे-जाणारे सांगतात. म्हणजे एकाच घरात आई पाटावर पण आणि बरणीत पण, आणि ताई दोघींना रोज पाणी दाखवते. यावर मी किळस हा शब्द वापरला तर नाई शोन म्हणतात, "राहू दे. हा कायद्यात बसतो."

कलम पाचवं. किरकोळ वस्तू.

माझे रबरी बूट ऊ टिन हान यांना. आत नेहमी थोडं पाणी आणि खवलं असतं. ते घालून त्यांनी एकदा उभं राहावं. एवढी वर्षं ते बोलतायत, पण त्यांचे पाय मी कधी ओले पाहिले नाहीत.

रेडिओ दॉ न्युन्ट यांना. त्यांच्यावर माझा राग होता, तो लिहिता लिहिता कमी झाला. नवरा ताडावर चढताना गुणगुणायचा, ते मलाही आठवतं. घर मुकं झालं म्हणून त्यांनी शेजारचं पोर ओढून नेलं. काकी, रेडिओ लावा. त्यातला कुणीही ऊ फो सेन नसेल, पण आवाज असेल.

मोटरसायकल ताईला. काकांच्या हातातून किल्ली घेताना नाई शोन यांनी शिकवलेलं वाक्य म्हणावं: "कागदावर तुमचं नाव नाही." एवढंच. पुढं भांडायचं नाही.

बर्फ ओढायचा आकडा नॉ एह पॉ हिला. ती तो कशाला वापरील मला माहीत नाही, पण तिच्या हातात शोभेल.

ऊ बा शेन यांना माझ्याकडून काही नाही. त्यांनी आधीच घेतलेलं आहे.

ती बरणी माझ्या ताईनं स्वतः उचलावी आणि भुईमुगाच्या बांधाला खड्डा करून उलटी करावी. आत किडे असतील. असणारच. ते किडे आहेत. त्यांना मारू नका, त्यांना नमस्कारही करू नका. बरणी राखेनं घासा, उन्हात ठेवा आणि नवी ङापी घाला. झाकण लावा. आई एवढंच म्हणाली होती.

कलम सहावं. घर.

बांबूच्या कुडाचं, पत्र्याच्या छताचं घर, खांबांवर उभं. ते माझ्या पैशानं झालं, जागा आईची. पहिल्या खर्ड्यात मी ते यी मोनच्या नावानं लिहिलं होतं. अट घातली होती की तिला आजी, आजोबा, वहिनी, "अहो" असं काही म्हणणाऱ्यानं त्याच घटकेला बाहेर व्हावं. पण मृत्युपत्राला किंमत नाही म्हटल्यावर मला झोंबलं. मेलेल्या माणसाचं काका ऐकणार? त्यांच्या पाटावर बसलेल्या आईचं ते ऐकत नाहीत.

तेव्हा मी गावच्या भन्ते खेमिंद यांना फोन लावला. भन्ते म्हातारे आहेत, ऐकायला कमी येतं, पण नको तेवढंच कमी येतं. विहारातला तो वाद झाला तेव्हा दोन्ही पक्ष त्यांच्यापुढं ओरडत होते, ताई पोरीला घेऊन अंगणात उभी होती. भन्ते चिंचा सोलत बसलेले. काका म्हणाले, "भन्ते, आता तुम्हीच सांगा, ही कोण?" भन्तेंनी मान वर केली. "ती उन्हात उभी आहे. तिला सावलीत आणा." ऊ टिन हान म्हणाले, "ते आणतो हो, पण आधी ठरू दे, ही नेमकी कोण?" भन्ते म्हणाले, "जिला ऊन लागतंय ती." आणि परत चिंच सोलायला लागले. दोन्ही पक्ष निकाल आपल्याच बाजूनं लागला असं म्हणत घरी गेले!

मी भन्तेंना म्हटलं, "भन्ते, मेल्यावर दिलेलं चालत नाही म्हणतात. जिवंतपणी दिलेलं चालतं ना?"

"पाणी ओतलंस तर चालतं."

तर लिहून ठेवतो, की गेल्या उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी सकाळी मी इथल्या विहारात बसून ताटलीत आणि माझ्या ताईनं तिकडं ठानबिनगोनच्या विहारात बसून वाटीत, फोन चालू ठेवून, एकाच वेळी थेंब थेंब पाणी ओतलं आणि हे घर भिक्षुसंघाला दान केलं. तिकडून "साधु" इकडं यायला जरा उशीर लागत होता, म्हणून तीन वेळांचं सहा वेळा झालं. घर विहाराच्या शाळेचं झालं. ओसरीवर गावातल्या मुली अक्षरं गिरवतील, आतल्या खोलीत ताई आणि यी मोन राहतील, तसं भन्तेंनी तोंडानं सांगितलं आहे आणि ते त्यांचं तोंड आहे.

काका तिथं होते. फोनमधून ओरडले, "अरे गाढवा, आईचं घर दिलंस? आईला विचारलंस?"

मी म्हटलं, "काका, विचारा ना. तुमच्याजवळच बसलीय."

तिकडं कुणीतरी हसलं. मला वाटतं दॉ न्युन्ट.

आता ते घर संघाचं. संघाच्या जागेत पाट मांडून नारळ गोळा करणारा कोणत्या नरकात आणि किती कल्प शिजतो, ते ऊ टिन हान यांना तोंडपाठ आहे. काकांनी त्यांना विचारावं. त्या विद्येचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

कलम सातवं. हे लिहिणार नव्हतो.

दान झाल्यावर मला फार बरं वाटलं. मी भन्तेंना म्हटलं, "भन्ते, या लोकांना कुणीतरी सांगायला पाहिजे. मासा धरल्या दिवशी मासा असतो. धरून ठेवला की वास सुटतो. हे लोक एकेक मत सात सात वर्षं बर्फात घालून ठेवतात आणि रोज काढून नाकाला लावतात. तुम्ही आम्हाला लहानपणी शिकवलं होतं, मत आलं की 'मत, मत' अशी मनात नोंद करायची आणि सोडून द्यायचं. यांना सोडता का येत नाही?"

भन्ते म्हणाले, "घर घेतलं. तुझं कुठं ठेवतोयस?"

"माझं काय, भन्ते? माझं कसलं मत?"

"मला काय माहीत. फोन तुझा, आवाज चढलेला तुझा."

आणि फोन ठेवला. म्हातारा माणूस, पण फोन ठेवायला एकदम चपळ.

मी दोन दिवस चिडून लाद्या ओढल्या. नाई शोन म्हणाले, "लादीनं काय केलंय तुझं?"

माझं असं होतं. ताई फोनवर चित्र लावून यी मोनला दाखवायची, तेव्हा मी म्हणायचो, "जरा फोन खाली धर." पाय बघायला. चार गावांना मी मनात शिव्या घालत होतो आणि दर वेळी तो डाग बघितल्याशिवाय फोन ठेवत नव्हतो. मला तिला एक विचारायचं होतं. एकच. मरताना तू माझी वाट बघितलीस का? काकांना नारळ पाहिजेत, दॉ न्युन्टना नवरा पाहिजे, ऊ टिन हानना जिंकायचंय. माझं मागणं त्यांच्यापेक्षा स्वच्छ आहे असं मला वाटत होतं. पण बसवायचं पोरीलाच. त्याच पाटावर.

परवा ताई पाणी भरायला गेली होती, काका बाजारात. फोन पोरीच्याच हातात. पहिल्यांदाच ती आणि मी, मधे कुणी नाही. माझ्या तोंडात ते वाक्य आलं. दातापर्यंत. यी मोननं फोन स्वतःच्या नाकाला टेकवला. मला एक मोठी नाकपुडी दिसत होती.

"मामा, तू खरंच बर्फ ओढतोस?"

"ओढतो."

"केवढा?"

"तुझ्यापेक्षा उंच."

"खोटं."

मी फोन घेऊन आत गेलो, लाद्यांची रांग दाखवली. ती किंचाळली, हसली. "ताडाएवढा आहे!" मग विचारलं, "त्याच्यावर गाल ठेवला तर?"

मी ठेवला. फोन समोर धरून गाल ठेवला. ती म्हणाली, "किती वेळ ठेवतो बघू." मी ठेवला. गाल बधिर झाला. ती मोजायला लागली, आकडे तिला वीसपर्यंत येतात, मग परत एकपासून सुरू करते. तिकडून ताईची चाहूल आली. आम्ही दोघं हसत होतो. तेव्हा मला कळलं की ते वाक्य दातामागं कुठंतरी राहून गेलं होतं.

सहाण तिनं का उचलली तेही कळलं. गार होती.

तेव्हा लिहून ठेवतो, की तो प्रश्न मी कुणाच्याही नावे करत नाही. ताईच्या नाही, काकांच्या नाही, माझ्या पुढच्या कुठल्या जन्माच्याही नाही. आईनं वाट बघितली असेल किंवा नसेल. आई गेली. ताईनंसुद्धा "असली तर" सोडावं, नुसत्या तोंडानं नको, पोरीला वेणी घालतानाही सोडावं. आईची सहाण यी मोनला, उगाळायला, ओळखायला नव्हे.

काकांवरचा राग जाईल असं मी लिहीत नाही. भन्तेंना खोटं लिहायचं नाही. राग आहे, आहे. आला की नोंद करीन.

कलम आठवं आणि शेवटचं.

बोटीवर जायच्या आधी साठवलेलं जे आहे ते नाई शोन यांच्याकडं ठेवलंय, ते यी मोनच्या पाटी-पुस्तकांसाठी आणि एका फेरीसाठी. ताईनं तिला पखोक्कूला न्यावं. तिथं बर्फाचा कारखाना आहे. मालकाला सांगावं, हिचा मामा याच धंद्यातला, एक आख्खी लादी हिला जवळून बघू द्या. तिला चपला घालून न्या, खाली पाणी असतं. गाल ठेवू द्या. गर्दी करू नका. आणि त्या पोरीला प्रश्न विचारायची कुणाला एवढीच हौस असेल, तर त्या वेळी एकच विचारा: गार लागतं का?

ती सांगेल ते खरं माना, आणि भाताचं झाकण उघडा.

हा कागद मी लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला, नाई शोन यांनी तीन शिव्या खोडल्या, त्या मला मान्य आहेत.

सही: मौंग न्यो लिन

साक्षीदार पहिला: नाई शोन, राहणार मोलम्याइंग, सध्या महाचाई. सही. (चौथी शिवी माझ्या नजरेतून सुटली, ती राहू द्यावी.)

साक्षीदार दुसरी: नॉ एह पॉ, कोळंबी सोलणारी, डाव्या हाताचा अंगठा, उजव्याला चिरा पडलेल्या आहेत. मेल्यावर काय होतं याबद्दल तिच्या चर्चमध्ये वेगळंच सांगतात. तिनं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मुक्काम महाचाई, धक्क्यामागची चाळ. आषाढ पौर्णिमेचा आदला दिवस, वर्षावास लागायच्या आधी. १५ जुलै २०१९.